खुर्चीच्या वरातीची दुसरी प्रत

माझा राग आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दारासमोर कोणी गाडी लावली तर मी गॅलरीतून ओरडत बसत नाही. खाली उतरते, मालक येईपर्यंत गाडीजवळ उभी राहते आणि मग बोलते. एकदा बोलले की तो माणूस पुन्हा तिथे गाडी लावत नाही. दूधवाला, गॅसवाला, बँकेतली ती च्युइंगगम चघळणारी मुलगी, सगळे मला वचकून असतात. नारायण पेठेत जन्म काढला, आता या वयात गोड बोलायला कोण शिकवणार? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

माझा धंदा नकला करण्याचा. जुनी राजकीय व्यंगचित्रं मी हाताने रंगवून देते. इंग्रजांच्या काळातल्या साप्ताहिकांतली, स्वातंत्र्यानंतरच्या निवडणुकांतली, भिंतींवर डकवलेल्या पत्रकांवरची. गाढवाचे कान लावलेला न्यायाधीश, दुष्काळात पंगत झोडणारा साहेब, दहा तोंडांनी एकच वाक्य बोलणारा मंत्री. लोकांना छापील नको असतं, हाताने काढलेलं हवं असतं. बाणेरच्या एका हॉटेलवाल्याने सात घेतली. बघायला गेले तर दुष्काळातला साहेब त्याने बुफेच्या टेबलावर बरोब्बर मधोमध लावलेला. म्हटलं, अहो, हे चित्र इथे? तर म्हणतो, "मॅडम, फूड थीम आहे ना!" मी आल्या पावली परत फिरले. तिथे बोलायला हवं होतं, पण तोपर्यंत त्याने पुढच्या तीन चित्रांचं सांगून ठेवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

चित्रात कोणावर फटका मारलाय, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. विचारतात ते सोफ्याच्या रंगाला जाईल का.

हे काम मला शिकवलं आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मुलगा आखातात नोकरीला, म्हणून येरवड्याला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर सुनेबरोबर राहतात. लिफ्ट नाही आणि गुडघे गेले, त्यामुळे खाली उतरणं बंद. डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याशी बोलायचं असलं की ते खिडकीकडे तोंड करतात, म्हणजे मी दिसते. मी दर गुरुवारी जाते, कारण गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट घालवतात आणि माझ्या त्या अंधाऱ्या खोलीत लाइटशिवाय काही रंगवता येत नाही.

सरांचा एकच नियम होता. नक्कल करताना मूळ चित्र उलटं धरायचं. वर पाय, खाली डोकं. त्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून कापडावर आखायच्या आणि एका वेळी एकच चौकट उतरवायची. "सरळ धरलंस तर तुला माणूस दिसेल," ते म्हणायचे. "माणूस दिसला की तू त्याला तुझ्या मनासारखा करणार. उलटं धर. मग नुसती रेघ दिसते." चाळीस वर्षं मी तशीच काढत आले. माझ्या हातून किती साहेब, किती मंत्री गेले असतील, पण रंगवताना मी त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलेलं नाही. शेवटच्या दिवशी कापड सुलटं केलं की मग भेट व्हायची.

मी आठवीत होते तेव्हा सरांनी गणपतीत आमच्या चौकातल्या मंडळासाठी एक चित्र काढलं होतं. सहा फूट लांब, चार फूट उंच, मांजरपाटावर. घोड्यावरून वरात चाललीय, पण घोड्यावर नवरदेवाच्या जागी खुर्ची. खुर्चीला मुंडावळ्या. पुढे बँडवाले, त्यांचे बूट फाटलेले, ते म्हणजे आपण मतदार. मागे जरीचे फेटे बांधलेले वऱ्हाडी, ते म्हणजे कंत्राटदार. आणि घोड्याचा लगाम धरून चालणारा मोतद्दार, तो आमच्या भागातला तेव्हाचा पुढारी. हुबेहूब. तो मान वळवून वर खुर्चीकडे बघतोय, आणि कसा बघतोय, तर पाळण्यातल्या बाळाकडे आई बघते तसा. सगळं चित्र त्या नजरेत होतं. लोक आधी हसायचे आणि मग इकडेतिकडे बघायचे, कोणी आपल्याला हसताना पाहिलं तर नाही ना.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पुढाऱ्याची माणसं आली आणि त्यांनी ते फाडलं. शाळा सुटली होती, आम्ही पोरी तिथेच होतो. पहिल्यांदा हात पडला तो चित्रातल्या पुढाऱ्याच्या तोंडावर. एकाने दोन्ही मुठींत तो चेहरा धरला आणि असा ओढला की नुसत्या दशा लोंबायला लागल्या. मग बाकीचं. सर बाजूला उभे होते, अंगात पांढरा शर्ट, हातांची घडी. मला वाटलं ते रडतील. ते चक्क हसत होते.

तो पुढारी आमच्या शाळेच्या समितीचाही अध्यक्ष होता. आठ दिवसांत सरांना काढलं. पुढे कुठल्याच शाळेने घेतलं नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचे मोर रंगवण्यात घालवलं. पण त्या चित्राचा विषय निघाला की ताठ बसायचे. "चिडला की नाही?" म्हणायचे. "चित्र लागलं की माणूस चिडतो. नाही चिडला तर ते चित्र नाही, ती रांगोळी." बाई, या एका वाक्यावर त्या माणसाने पंचेचाळीस वर्षं काढली. बायकोने ऐकवलं, भावांनी ऐकवलं, मुलाची इंजिनीयरिंगची सीट हुकली तेव्हा त्यानेही ऐकवलं. सरांचं उत्तर ठरलेलं. तो चिडला, म्हणजे चित्र खरं होतं.

त्यांच्याकडे त्या चित्राच्या दोनच खुणा होत्या. एक फोटो, शेजारच्या स्टुडिओवाल्याने काढलेला, हाताच्या पंजाएवढा. आणि एक तुकडा, घोड्याचा कान आणि थोडं आभाळ.

परवाच्या गणपतीत त्याच मंडळाला पंच्याहत्तर वर्षं झाली. कार्यकर्त्यांचा फोन आला, "काकू, जुन्या आठवणींचं प्रदर्शन करतोय. काहीतरी विंटेज द्या ना." काकू म्हटल्याबद्दल त्याला आधी दोन शब्द ऐकवले. मग सरांच्या चित्राचं सांगितलं. त्याला ते माहीतच नव्हतं, पण "भारी!" म्हणाला.

सरांना सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तो तर गेला. पण त्याचा नातू आहे ना आता तिथे?"

होता. आजोबांचीच गादी, आजोबांचाच भाग. मंडळाचा आधारस्तंभ वगैरे, फलकावर सगळ्यात मोठा फोटो त्याचाच.

"उद्घाटनाला तोच येणार?"

"तोच."

"मग चिडेल," सर म्हणाले. "चिडायला हवा. पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून काय झालं? चित्र तेच आहे, खुर्ची तीच आहे. तू फक्त नीट काढ. आणि तिथे उभी राहा. त्याचं तोंड बघ आणि मला येऊन सांग, चिडला का. जाण्याआधी मला एवढंच कळायला हवंय. नाहीतर मी घरच्यांची माती कशासाठी केली?"

असं ते आधी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, सर, काळजी करू नका. मी मांजरपाट आणलं, त्या पंजाएवढ्या फोटोवर दोऱ्याच्या जाडीच्या चौकटी आखल्या, फोटो उलटा टाचला आणि वीस दिवस काढत बसले. बोर्डावर भिंग बांधलं होतं. मान धरली, तरी काढलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी दुपारी चारपासूनच चौकात जाऊन बसले. नातू सहाला आला. पांढरेशुभ्र कपडे, मागे पंधरावीस मोबाइल. या वयात कोणाची तरी शिवी खायला मी आतुर झाले होते, आता काय सांगायचं! म्हटलं, चीड. माझ्यावर ओरड. सगळ्यांसमोर विचार, हे कोणी काढलं? मी पुढे होते. माझी वाक्यंसुद्धा तयार होती.

तो चित्रापुढे थांबला. बघितलं. आणि त्याचं तोंड खुललं.

"अरे, हे तर आमचे आजोबा!"

टाळ्या पडल्या. त्याने बायकोला पुढे बोलावलं, पोराला कडेवर घेतलं, "हे बघ पणजोबा," म्हणाला. सगळ्यांनी मिळून चित्राबरोबर फोटो काढले. मग हार मागवला. खिळा नव्हता, तर कोणीतरी फ्रेमला दोरी बांधून हार अडकवला. आणि मग, माझ्या देखत, त्याने बोटाने गंध घेतलं आणि माझ्या कापडावर, त्या मोतद्दाराच्या कपाळावर टेकवलं. माझं वीस दिवसांचं कपाळ!

त्यानंतर माइक. "आजोबा किती साधे होते बघा," तो म्हणाला. "स्वतः लगाम धरून पायी चाललेत. खुर्चीवर बसले नाहीत. खुर्ची जनतेची, आम्ही तिचे सेवक. हा संस्कार आहे." त्याचा गळा भरून आला होता. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच तसं दिसलं होतं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनाही. बँडवाल्यांचे फाटके बूट बघून एक बाई म्हणाल्या, "जुन्या काळी किती गरिबी होती नाही!"

मला शाल आणि नारळ मिळाला. मी घेतला. तो नमस्कार करायला वाकला तेव्हा माझ्या तोंडून "सुखी राहा" निघालं. सवयीने निघालं, पण निघालं. चित्र तो आपल्या कचेरीत लावायला घेऊन गेला.

गुरुवार उजाडला. येरवड्याचा पूल ओलांडेपर्यंत मी खरं सांगायचं ठरवलं होतं. तीन मजले चढले, सुनेने दार उघडलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात ताई. सकाळपासून दाढी करून बसलेत. इस्त्रीचा शर्ट मागितला."

सर पांढऱ्या शर्टात, खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"चिडला का?"

"चिडला, सर," मी म्हटलं.

काय करणार होते? तुम्हीच सांगा. त्या पांढऱ्या शर्टाला काय सांगायचं होतं, की हार घातला?

"खूप?"

"लाल झाला. म्हणाला, हे कोणी काढलं? मी पुढे झाले." माझी तयार वाक्यं होतीच, ती सगळी म्हणून टाकली. त्याच्याही तोंडात चार घातली. सर ऐकत होते आणि त्यांची मान हळूहळू ताठ होत होती. सुनेने पोहे आणले, ते त्यांनी पूर्ण खाल्ले. ती दारातून माझ्याकडे बघत राहिली. इतकं खाताना तिने त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"पेपरात काही आलं नाही," सर म्हणाले. "ही रोज वाचून दाखवते."

"दाबलं असेल, सर."

"दाबणारच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "दाबल्याशिवाय कसं चालेल? आणि चित्राचं काय झालं?"

तिथे माझी जीभ घसरली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते आणखी थोडं बघायचं होतं मला, दुसरं काही नाही. म्हटलं, "फाडलं."

सर पुढे सरकले. मग म्हणाले, "तुकडे उचललेस का?"

"उचलले ना."

"मग घेऊन ये पुढच्या वेळी. मला हातात घ्यायचेत."

जिना उतरताना मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या त्या गाडीवाल्यांनाही दिलेल्या नाहीत. पण घरी जाईपर्यंत डोक्यात मांजरपाटाची लांबी-रुंदी सुरू झाली होती. दुसरं चित्र काढायचं आणि फाडायचं. नुसते तुकडे रंगवूनही चाललं असतं, असं तुम्हाला वाटेल. नाही चालत. रंग फाटल्यावर कडेला जसा तुटतो तसा ब्रशने काढता येत नाही. सरांना समोरचं दिसत नसलं तरी कडेचं दिसतं, आणि बोटं शाबूत आहेत. अख्खं काढल्याशिवाय फाडता येणार नव्हतं.

दोन गुरुवार चुकवले. सर्दीचं निमित्त सांगितलं. सुनेचा फोन आला, "ताई, बरं वाटलं की या. रोज विचारतात, तुकडे आले का. कोणाचे तुकडे, काय, मला काही सांगत नाहीत. पण जेवतात हो. परवा तर गुणगुणत होते." मी म्हटलं, येते.

फोटो उलटा टाचला. सोळा दिवसांत झालं. पहिल्या वेळी हात चाचपडत होता, या वेळी ओळखीचा रस्ता. फाडायचंच आहे म्हणून धसमुसळेपणा करावा, तर तोही जमेना. उलट हात मोकळा सुटला. शेवटच्या दिवशी कापड सुलटं केलं. तो चेहरा! गालाखालची ती सावली, ओठ किंचित उघडे, आणि वर खुर्चीकडे लागलेली ती नजर. चाळीस वर्षांत माझ्या हातून असा चेहरा आला नव्हता. पहिल्या प्रतीत नव्हता आला. सरांच्या मूळ चित्रात तरी होता का, कोण जाणे. मी चहा करून आणला आणि त्याच्यासमोर बसून प्यायले. मग दुसरा केला.

फाडायला दुपारी बसले. रंग लावलेलं मांजरपाट सहजासहजी फाटत नाही. आधी बँडवाले ओढले. मग वऱ्हाडी. घोडा मधून गेला, खुर्चीचे दोन पाय एका तुकड्यात आणि दोन दुसऱ्यात. दात-ओठ खाऊन ओढत होते, घामाघूम झाले. मग अंगणात तुकडे टाकून चपलांनी तुडवले, नळाखालचा चिखल चोळला. शेजारीण वरून म्हणाली, "काय हो, पायपुसणी धुताय?" म्हटलं, हो.

गुरुवारी पिशवी भरून नेले. सरांनी पुन्हा दाढी केलेली. मी एकेक तुकडा त्यांच्या हातात देत गेले. ते डोळ्यांच्या कडेने बघायचे, मग बोटांनी कडा चाचपायचे. "हा बँड," म्हणायचे. "हा फेटा. चांगला फाटलाय. जोर लावलाय बघ." एका तुकड्यावर चपलेचा ठसा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे, म्हणजे खिडकीकडे, बघून हसले. चौकात हाताची घडी घालून हसले होते, अगदी तस्सं. म्हटलं, केलं ते बरंच केलं. एका माणसाला एवढं मिळालं, आणखी काय पाहिजे?

"आणि चेहरा?" त्यांनी विचारलं. "त्याच्या दशा झाल्या असतील."

मी पिशवीतून शेवटचा तुकडा काढला. घडी न घालता, गुंडाळून आणला होता. "नाही सर," मी म्हटलं, आणि काय आनंदाने म्हटलं! "चेहरा वाचला. पूर्ण वाचलाय. हा बघा."

सरांचा हात पुढे आला आणि तसाच राहिला.

"वाचला?"

त्यांनी तुकडा घेतला. चारी बाजूंनी बोटं फिरवली. ताटाएवढा तुकडा, चहूबाजूंनी फाटलेला, आणि मधे एक सुरकुतीसुद्धा नाही. चिखलाचा डागही नव्हता. चपलांनी तुडवताना मी तो बाजूला काढून ठेवला होता, हे मला तिथे, त्यांच्यासमोर बसल्यावर आठवलं.

"त्या दिवशी पहिला हात चेहऱ्यावर पडला होता," सर म्हणाले.

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

"किती दिवस लागले?"

"कशाला, सर?"

"हे दुसरं काढायला."

"सोळा."

"उलटं धरलं होतंस?"

"हो."

"छान," ते म्हणाले. शिक्षक वहीवर शेरा मारतो त्या आवाजात. स्वयंपाकघरात सुनेचा कुकर झाला, तिने गॅस बंद केला.

"त्याने काय केलं खरं?"

"हार घातला, सर. गंध लावलं."

"काय म्हणाला?"

"आजोबा साधे होते म्हणाला. पायी चालत होते."

सरांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. जणू हे त्यांना कधीपासून माहीत होतं आणि मी उगाच मधे तीन आठवडे लांबवलं होतं. "मग मला घरी कशाला बसवलं?" ते म्हणाले. मला नाही, असंच म्हणाले. त्यांनी तो तुकडा दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. मनगटं थरथरली, गळ्याच्या शिरा वर आल्या. मांजरपाट नवं होतं, मीच पाहून घट्ट विणीचं आणलं होतं. ते ताणलं गेलं, पण फाटलं नाही. पुन्हा ओढलं. मग त्यांनी हात खाली घेतले, धाप लागली होती. तुकडा त्यांनी माझ्यासमोर धरला.

"तू फाड."

मी घेतला. पुढाऱ्याने माझ्या हातातून वर बघितलं, किंचित उघड्या ओठांनी. या माणसाने माझ्या सरांचं आयुष्य मातीत घातलं. याच्या नातवाने माझ्यासमोर याला गंध लावलं आणि मी त्या नातवाला सुखी राहा म्हटलं. दारासमोर स्कूटर लावणाऱ्याला मी अर्धा तास सुनावते. आता काय झालं होतं मला? मी दोन्ही हातांनी कापड धरलं, अंगठे बरोबर नाकाच्या दोन बाजूंना आले, आणि मला गालाखालची सावली दिसली.

"सर, हा फार चांगला आलाय हो," मी म्हटलं.

सर खिडकीकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते.

"बघ," ते म्हणाले. "तुलासुद्धा येत नाही राग."

सुनेने ताट वाढून आणलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि बाजूला केलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तुकडे गोळा करून पिशवीत भरले आणि निघाले. मी अजून दर गुरुवारी जाते. ते दाढी करत नाहीत, आणि तो प्रश्न पुन्हा विचारत नाहीत. आम्ही हवेबद्दल बोलतो, नाहीतर त्यांच्या गोळ्यांबद्दल.

त्या दिवशी घरी आले तेव्हा लाइट आली होती. बाकीचे तुकडे कचऱ्याच्या गाडीत दिले. चेहऱ्याचा तुकडा सरांच्या मुठींत चुरगळला होता, दोन्ही गालांवर घड्या पडल्या होत्या. मी टेबलावर जुनी चादर पसरली, तुकडा पालथा घातला आणि मागच्या बाजूने, कोमट, रंगाला धक्का लागणार नाही अशा बेताने, त्याला इस्त्री केली.